ज्युरीचा हक्क, 1957 चं सिव्हिल राइट्स बिल आणि सिनेटमधली भांडणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन सिनेटमधे 1957 साली ज्युरीच्या दुरुस्तीवरून जो राडा झाला त्यावर सारखे तेच तेच प्रश्न येतात, कुणी लॉ करतंय, कुणी यूपीएससीची तयारी करतंय, कुणी अमेरिकेत राहतंय आणि मुलांच्या शाळेच्या पुस्तकात ह्या बिलाचं नाव वाचलंय. म्हणून सगळे एकत्र केलेत. सोपे आधी, अवघड नंतर, आणि जिथे उत्तर दुसरीकडे आलंय तिथे त्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

प्र. 1. मुळात भांडण कशावरून होतं? एका पॅरामधे सांगा.

दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या लोकांना मतदार यादीत नावच घालू देत नव्हते. 1957 च्या बिलात अशी तरतूद होती की सरकारचा अॅटर्नी जनरल फेडरल कोर्टात जाऊन अशा अधिकाऱ्याविरुद्ध मनाई हुकूम आणू शकेल, आणि त्याने हुकूम मोडला तर कोर्टाचा अवमान म्हणून जज त्याला सरळ शिक्षा देईल, ज्युरी (निकाल देणारं साध्या नागरिकांचं मंडळ) नाही. त्यावर दक्षिणेच्या सिनेटरांनी आणि त्यांच्यासोबत बऱ्याच इतरांनी म्हटलं की माणसाला जेलमधे टाकायचं तर ज्युरी पाहिजेच, आणि तशी दुरुस्ती आणली. ती 51 विरुद्ध 42 मतांनी पास झाली. भांडण हे एवढंच, पण त्याच्या आधी आणि नंतर सभागृहाचे नियम वापरून जे डावपेच झाले ते समजल्याशिवाय हे आकडे समजत नाहीत.

प्र. 2. पण ज्युरी तर चांगली गोष्ट ना? त्याला विरोध कोण आणि का करेल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो बरोबर आहे. ज्युरीचा हक्क अमेरिकन संविधानात मूळ मजकुरातच आहे, तिसऱ्या कलमात, शिवाय सहाव्या आणि सातव्या दुरुस्तीत. ब्रिटनच्या राजाने आम्हाला ज्युरीपासून वंचित ठेवलं ही तक्रार स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातसुद्धा आहे. त्यामुळे सिनेटमधे उभं राहून "मी ज्युरीच्या विरोधात आहे" असं म्हणणं फार अवघड होतं.

पण ज्युरीत बसणार कोण, हे बघा. बऱ्याच ठिकाणी ज्युरीची नावं मतदार यादीतून यायची आणि काळ्यांची नावं त्या यादीतच नाहीत, म्हणजे ज्युरी पूर्ण गोरी, आणि काही राज्यांत पूर्ण पुरुषांची. 1955 मधे मिसिसिपीत एमेट टिल ह्या 14 वर्षांच्या मुलाच्या खुनाचा खटला चालला, सगळ्या गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने साधारण तासाभरात दोघा आरोपींना सोडलं. दोनच वर्षांपूर्वीची गोष्ट, सगळ्यांच्या डोक्यात ताजी. मतदान रोखणाऱ्या रजिस्ट्रारला (मतदार नोंदणी अधिकाऱ्याला) त्याच्याच गावचे, त्याच्याच विचाराचे बारा लोक दोषी ठरवतील असं कुणालाच वाटत नव्हतं, दुरुस्तीच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही नाही. मला विचाराल तर ज्युरीचा हक्क ह्या शब्दांवर नुसतं खूष व्हायचं नाही, त्या बाकावर कोण बसू शकतं ते आधी तपासायचं, आणि ह्या पूर्ण पानात मी तेच सांगणार आहे.

प्र. 3. बिलाची टाइमलाइन द्या ना, तारखांमधे गोंधळ होतो.

हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजने (अमेरिकन संसदेचं खालचं सभागृह, सिनेट हे वरचं) एच. आर. 6127 हे बिल 18 जून 1957 ला 286 विरुद्ध 126 ने पास केलं, तिथे ज्युरीची दुरुस्ती घालायचा प्रयत्न पडला होता. 20 जूनला सिनेटमधे ते कमिटीला टाळून थेट कॅलेंडरवर, म्हणजे सभागृहाच्या कामाच्या यादीत, आलं (प्र. 4). 16 जुलैला चर्चा सुरू करायचा ठराव 71 विरुद्ध 18 ने पास. 24 जुलैला बिलाचा भाग तीन (मतदानाशिवायच्या बाकी हक्कांचा, प्र. 14) काढून टाकला, 52 विरुद्ध 38. मग ज्युरीची दुरुस्ती, 1 ऑगस्टची रात्र उलटून 2 ऑगस्ट लागल्यावर. 7 ऑगस्टला सिनेटने बिल पास केलं 72 विरुद्ध 18. मग हाउसबरोबर तडजोड, 27 ऑगस्टला हाउसमधे 279 विरुद्ध 97, त्यानंतर सिनेटर थर्मंडचं लांबलचक भाषण (प्र. 10), 29 ऑगस्टला सिनेटचं शेवटचं मतदान 60 विरुद्ध 15. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांनी 9 सप्टेंबरला सही केली. 1875 नंतरचा हा पहिला फेडरल सिव्हिल राइट्स कायदा.

प्र. 4. कमिटीला टाळून बिल थेट सभागृहात कसं आलं? असं चालतं का?

चालतं, पण सहसा कुणी करत नाही. सिनेटच्या ज्युडिशियरी कमिटीचे चेअरमन होते मिसिसिपीचे जेम्स ईस्टलंड, आणि त्यांच्याकडे गेलेलं सिव्हिल राइट्स बिल परत येत नसे, हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं. सिनेटचा नियम 14 म्हणतो की बिलाचं दुसरं वाचन झाल्यावर पुढच्या कार्यवाहीला कुणी हरकत घेतली तर ते कमिटीकडे न जाता कॅलेंडरवर जातं. रिपब्लिकन नेते विल्यम नोलंड आणि इलिनॉयचे डेमोक्रॅट पॉल डग्लस ह्यांनी हाउसमधून आलेल्या बिलावर हाच नियम लावला.

जॉर्जियाचे रिचर्ड रसेल, नियमांवर त्यांच्याइतकी पकड फार कमी जणांची होती, त्यांनी लगेच हरकतीचा मुद्दा उपस्थित केला (आपल्या विधानसभेतही हेच शब्द वापरतात) की नियम 25 प्रमाणे विषयानुसार बिल कमिटीकडे जायलाच पाहिजे. सिनेटने 45 विरुद्ध 39 ने तो फेटाळला. सहा मतांचा फरक. तीन-चार जण इकडचे तिकडे झाले असते तर बिल ईस्टलंड ह्यांच्या टेबलावर पडून राहिलं असतं आणि ज्युरीच्या दुरुस्तीपर्यंत गोष्ट गेलीच नसती.

आणि रसेल ह्यांच्या बाजूने मत देणाऱ्यांत फक्त दक्षिणेचे नव्हते. जॉन केनेडी होते, ओरेगनचे वेन मॉर्स होते. त्यांचं म्हणणं, आज चांगल्या बिलासाठी कमिटी टाळली तर उद्या वाईट बिलासाठी कोणीतरी टाळेल. हा मुद्दा खोटा नाही. तरीही मला डग्लसच बरोबर वाटतात, कारण कमिटीचा चेअरमन बिल वाचायलाच तयार नसेल तर कमिटीकडे पाठवणं म्हणजे बिल मारणं.

प्र. 5. हेल्स कॅन्यन धरणाचा ह्याच्याशी संबंध काय? बऱ्याच ठिकाणी वाचलंय.

20 जूनच्या मतदानात (प्र. 4) पश्चिमेकडचे काही उदारमतवादी डेमोक्रॅट रसेल ह्यांच्या बाजूला गेले. दुसऱ्याच दिवशी, 21 जूनला, स्नेक नदीवर सरकारी धरण बांधायचं बिल सिनेटमधे 45 विरुद्ध 38 ने पास झालं, आणि आधी विरोधात असलेल्या दक्षिणेच्या काही जणांनी बाजूने मत दिलं. लेखी सौदा कुणी दाखवलेला नाही, पण दोन मतदानं शेजारी ठेवून बघितली तर इतिहासकारांना देवाणघेवाण दिसते आणि मलाही दिसते. ते सरकारी धरण शेवटी झालंच नाही कारण हाउसमधे ते अडकलं.

प्र. 6. सिव्हिल कंटेम्प्ट आणि क्रिमिनल कंटेम्प्ट (कंटेम्प्ट म्हणजे कोर्टाचा अवमान), ह्यातला फरक सोप्या भाषेत?

हे नीट समजून घ्या, पूर्ण दुरुस्ती ह्याच फरकावर उभी होती. समजा जजने रजिस्ट्रारला सांगितलं की ह्या बाईंचं नाव यादीत घाल. त्याने नाही घातलं. आता जज म्हणाला, नाव घालेपर्यंत तू आत बस, तर तो सिव्हिल कंटेम्प्ट, हेतू फक्त हुकूम पाळायला लावण्याचा, पाळला की बाहेर. पण निवडणूक होऊन गेली, आता नाव घालून उपयोग नाही, आणि जज म्हणाला की झाल्या गुन्ह्याबद्दल तीन महिने जेल, तर तो क्रिमिनल कंटेम्प्ट, म्हणजे शिक्षा.

सुरुवातीला वायोमिंगचे जोसेफ ओ'माहोनी ह्यांनी आणलेल्या दुरुस्तीत हा फरक नीट नव्हता, मग कार्ल ऑरबाख ह्या कायद्याच्या प्राध्यापकांच्या लेखातून ही कल्पना पुढे आली आणि टेनेसीचे केफॉव्हर जोडले गेले. नव्या मसुद्यात ज्युरी फक्त क्रिमिनल कंटेम्प्टला, सिव्हिलमधे जज पूर्ण मोकळा. कुंपणावर बसलेल्या बऱ्याच सिनेटरांना ह्यामुळे हो म्हणायला वाट मिळाली. केनेडींनीही हार्वर्डच्या पॉल फ्रॉइंड आणि मार्क हाउ ह्या प्राध्यापकांचा सल्ला घेऊन बाजूने मत दिलं.

प्र. 7. मग कामगार युनियनवाले मधे कुठून आले?

कारण दुरुस्ती फक्त मतदानापुरती ठेवली नव्हती, सगळ्याच फेडरल कायद्यांखालच्या क्रिमिनल कंटेम्प्टला लावली होती. आणि मनाई हुकुमाचा मार सगळ्यात जास्त कुणी खाल्ला होता तर संपावर जाणाऱ्या कामगारांनी, मालक कोर्टात जायचा, जज संप बेकायदा ठरवायचा आणि पुढाऱ्यांना अवमानाखाली आत टाकायचा. 1914 चा क्लेटन अॅक्ट आणि 1932 चा नॉरिस-लागार्डिया अॅक्ट ह्या दोन्हींत ज्युरीची थोडीफार सोय ह्याच अनुभवातून आली. त्यामुळे रेल्वे युनियन आणि खाण कामगारांचे जॉन एल. लुईस दुरुस्तीच्या बाजूने उभे राहिले, तर मोटार कामगारांचे वॉल्टर रॉइथर विरोधात. बहुमताचे नेते लिंडन जॉन्सन ह्यांनी हा पाठिंबा बरोबर वेळेला वापरला.

इथे एक प्रोसीजरचा मुद्दा लक्षात ठेवा. हाउसमधे दुरुस्ती बिलाच्या विषयाला धरूनच असावी लागते. सिनेटमधे साधारणपणे अशी अट नाही, म्हणून मतदान हक्काच्या बिलावर कामगार कायद्यापर्यंत पोचणारी दुरुस्ती लावता आली. दुरुस्तीचा पल्ला वाढवून नवे मित्र जोडणं हे सिनेटमधेच जमतं.

प्र. 8. फ्रँक चर्च ह्यांनी शेवटी शेवटी काय जोडलं?

माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात चांगली गोष्ट हीच. आयडाहोचे चर्च तेव्हा 33 वर्षांचे, पहिल्याच वर्षी सिनेटमधे. तोपर्यंतचा नियम असा की राज्याच्या कायद्याप्रमाणे ज्युरीला अपात्र माणूस फेडरल ज्युरीतही बसू शकत नाही, म्हणजे राज्याने काळ्यांना बाहेर ठेवलं की फेडरल कोर्टातूनही ते आपोआप बाहेर. चर्च ह्यांनी ही साखळी तोडली. 21 वर्षांचा कुठलाही नागरिक, त्या भागात एक वर्ष राहिलेला, वाचता लिहिता येणारा, गंभीर गुन्ह्यात शिक्षा न झालेला वगैरे, तो फेडरल ज्युरीला पात्र, राज्य काहीही म्हणो. मिसिसिपीसारख्या राज्यांत बायकांना ज्युरीत घेतच नव्हते, त्यांनाही ह्याने फेडरल कोर्टाचा दरवाजा उघडला.

दुरुस्तीच्या समर्थकांना यामुळे निदान सांगता आलं की आम्ही गोऱ्यांची ज्युरी मागत नाही. कागदावर पात्र असणं आणि प्रत्यक्षात यादीत नाव येणं ह्यात अंतर होतंच, ते भरून निघायला अजून बरीच वर्षं गेली.

प्र. 9. 51-42 ने पास झालं म्हणजे दक्षिणवाले जिंकले ना? मग बिल जिवंत कसं राहिलं?

मत देणाऱ्यांची यादी बघा: बाजूने 39 डेमोक्रॅट आणि 12 रिपब्लिकन, विरोधात 33 रिपब्लिकन आणि 9 डेमोक्रॅट. आयझेनहॉवर आणि नोलंड उघड नाराज होते, बिल सोडून द्यावं असंही काही जणांचं मत होतं. पण दक्षिणेच्या सिनेटरांनी ह्याच्या बदल्यात संघटित फिलिबस्टर (लांबच लांब भाषणं करून मतदान अडवणं) न करायचं ठरवलं. त्या वेळी चर्चा बंद करायला एकूण 96 पैकी 64 मतं लागायची, हजर असलेल्यांच्या नव्हे तर एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश, आणि तेवढी मतं कधीच जमत नव्हती. हा नियम बदलायचा प्रयत्न जानेवारीत क्लिंटन अँडरसन ह्यांनी केला होता, तो 55 विरुद्ध 38 ने बाजूला ठेवला गेला. म्हणजे जानेवारीतच ठरून गेलं होतं की ह्या वर्षी बिल पास होईल ते दक्षिणेच्या संमतीनेच.

प्र. 10. थर्मंड 24 तास का बोलले? ज्युरी तर मिळाली होती!

ज्यांना फक्त ज्युरीची दुरुस्ती पास झाली एवढंच माहीत असतं ते हमखास हे विचारतात. सिनेटची दुरुस्ती हाउसला मान्य नव्हती, म्हणून दोन्हीकडच्या नेत्यांनी मधला मार्ग काढला: दुरुस्तीचा पल्ला फक्त ह्याच कायद्याच्या प्रकरणांपुरता, आणि जज आधी ज्युरीशिवाय खटला चालवू शकतो, पण शिक्षा 300 डॉलर दंड किंवा 45 दिवस जेल ह्याहून जास्त दिली तर आरोपी ज्युरीसमोर पूर्ण नव्याने खटला मागू शकतो. कमाल शिक्षा 1000 डॉलर किंवा सहा महिने. हाउसने हे सिनेटच्या दुरुस्तीवर दुरुस्ती म्हणून लावून परत पाठवलं, त्यामुळे वेगळी संयुक्त समिती बसवावी लागली नाही.

साउथ कॅरोलायनाचे स्ट्रॉम थर्मंड 28 ऑगस्टच्या रात्री उभे राहिले आणि 24 तास 18 मिनिटं बोलले. राज्यांचे निवडणूक कायदे वाचले, स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला, वॉशिंग्टनचं निरोपाचं भाषण वाचलं. मुख्य युक्तिवाद हाच की 45 दिवसांची सूट म्हणजे ज्युरीच्या घटनात्मक हक्काचा भंग. दक्षिणेच्या बाकीच्या सिनेटरांनी साथ दिली नाही, त्यांची ठरलेली गोष्ट ह्याने मोडली म्हणून ते चिडलेच. भाषण संपल्यावर थोड्याच वेळात बिल पास झालं, एकही मत फिरलं नाही.

प्र. 11. थर्मंड ह्यांचा घटनात्मक मुद्दा चूक होता का?

त्या वेळच्या कायद्याप्रमाणे चूक. अवमानाच्या खटल्यात ज्युरीचा घटनात्मक हक्क नाही असंच कोर्टं मानत आली होती, 1964 मधे बार्नेट केसमधे सुप्रीम कोर्टाने 5-4 ने तेच धरलं. आणि ते बार्नेट म्हणजे मिसिसिपीचे गव्हर्नर, काळ्या विद्यार्थ्याला विद्यापीठात घेण्याच्या हुकुमाच्या आड आलेले, हेही लक्षात घ्या. पण 1968 मधे ब्लूम विरुद्ध इलिनॉय मधे कोर्टाने दिशा बदलली आणि गंभीर शिक्षेच्या क्रिमिनल कंटेम्प्टला ज्युरी पाहिजे असं सांगितलं. म्हणजे तत्त्व म्हणून ज्युरीची मागणी टाकाऊ नव्हती. 1957 मधे ती कुणाच्या संरक्षणासाठी केली जात होती, हा माझा आक्षेप आहे.

प्र. 12. 1964 च्या मोठ्या सिव्हिल राइट्स कायद्यातही हेच भांडण झालं का?

झालं, पुन्हा तसंच. जॉर्जियाचे हर्मन टॅलमेज ह्यांनी ज्युरीची दुरुस्ती आणली, मग नेत्यांनी मॅन्सफिल्ड-डर्कसन पर्याय आणला, आणि शेवटी केंटकीचे थ्रस्टन मॉर्टन ह्यांची दुरुस्ती 9 जूनला 51 विरुद्ध 48 ने पास झाली. दुसऱ्याच दिवशी, 10 जूनला, 71 विरुद्ध 29 ने चर्चा बंद झाली. दुरुस्ती मान्य करणं हा चर्चा बंद करायला लागणारी मतं गोळा करण्याचाच भाग होता. मतदानाच्या भागाला मात्र 1957 चाच 45 दिवसांचा नियम राहिला.

प्र. 13. आपल्याकडे अशी कुठली गोष्ट झालीय का? की फक्त नानावटी?

नानावटी केस सगळे सांगतात (1959, मुंबई, ज्युरी 8-1 ने निर्दोष म्हणाली, जजने मान्य न करता प्रकरण हायकोर्टात पाठवलं, तिथे शिक्षा झाली) पण त्या केसमुळे एका रात्रीत ज्युरी बंद झाली हे खरं नाही, काही ठिकाणी ती पुढेही चालू होती, 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पूर्ण संपवली.

ह्या विषयाच्या जवळची गोष्ट म्हणजे इल्बर्ट बिल. 1883 मधे भारतीय मॅजिस्ट्रेटना युरोपियन आरोपींवर खटला चालवू द्यायचं बिल आलं, गोऱ्यांनी रान उठवलं, आणि जानेवारी 1884 मधे तडजोड म्हणून आरोपी युरोपियनला निम्मी तरी युरोपियन किंवा अमेरिकन असलेली ज्युरी मागायचा हक्क मिळाला. रीत तीच, सुधारणा पास होऊ द्यायची आणि ज्युरीच्या हक्कातून तिची धार काढायची. आणि ज्युरीत कोण बसतं ह्याने काय होतं हे तर 1908 मधे मुंबई हायकोर्टात टिळकांच्या खटल्यात आपण बघितलंच: ज्युरीत सात युरोपियन, दोन पारशी, निकाल 7-2, आणि सहा वर्षं मंडाले.

प्र. 14. मग 1957 च्या कायद्याने काही झालं की नुसता कागद?

थोडं झालं. सिव्हिल राइट्स कमिशन आलं, न्याय खात्यात सिव्हिल राइट्स डिव्हिजन आलं, आणि जॉर्जियाच्या टेरेल काउंटीतल्या रजिस्ट्रारांवरचा खटला 1960 मधे सुप्रीम कोर्टाने कायद्याच्या बाजूने सोडवला. पण एकेका काउंटीत एकेक खटला चालवून मतदार याद्या बदलत नाहीत, 1964 मधेही मिसिसिपीत नोंदणी झालेले काळे मतदार 7% हून कमीच होते. ज्युरीच्या दुरुस्तीमुळेच कायदा लुळा पडला असं म्हणतात ते मला पूर्ण पटत नाही, भाग तीन गेला तेव्हा जास्त नुकसान झालं, कारण शाळांसकट बाकी सगळे हक्क त्यातच होते. खरा फरक 1965 च्या व्होटिंग राइट्स अॅक्टने पडला, तिथे फेडरल अधिकारीच नावं नोंदवायला गेले.

प्र. 15. मी अमेरिकेत आहे, नागरिकत्व मिळालंय, आता फेडरल कोर्टाचं ज्युरी ड्युटीचं पत्र आलंय. ह्या कायद्याशी काही संबंध?

थेट नाही, पण मूळ तिथेच आहे. 1957 च्या चर्च ह्यांच्या तरतुदीने (प्र. 8) फेडरल ज्युरीची पात्रता राज्यांच्या हातातून काढली, 1968 च्या ज्युरी सिलेक्शन अँड सर्व्हिस अॅक्टने पुढे जाऊन नावं समाजाच्या सगळ्या थरांतून, चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची पद्धत आणली, आणि आता वय 18. ग्रीन कार्डवाल्यांना बसता येत नाही, नागरिकच लागतो, म्हणून नागरिक नसाल आणि पत्र आलं असेल तर फॉर्ममधे तसं लिहून परत पाठवा. राज्याच्या कोर्टाचं पत्र असेल तर नियम त्या राज्याचे, ते वेगळे असू शकतात, पत्रावरच्या नंबरवर विचारा.

प्र. 16. 45 दिवसांचा तो नियम फक्त 1957 पुरता होता का?

नाही, 1965 च्या व्होटिंग राइट्स अॅक्टच्या कलम 14 मधे सरळ लिहिलंय की ह्या कायद्याखालच्या क्रिमिनल कंटेम्प्टला 1957 च्या कायद्याचं कलम 151 लागू. म्हणजे थर्मंड ज्याच्या विरोधात रात्रभर उभे होते तीच तडजोड आठ वर्षांनी पुढच्या, जास्त कडक कायद्यात आली. फक्त 1968 नंतर हे सगळं ब्लूमच्या निकालाबरोबर (प्र. 11) वाचायचं.